काढामामांचा उजवा कान

माझ्या मामांना सगळे काढामामा म्हणायचे. औषधाचा काढा नव्हे. एका नव्या गिटारवाल्याचा तसा समज झाला होता आणि त्याने पहिल्याच दिवशी मामांना खोकल्यावर उपाय विचारला होता. हा काढा म्हणजे हुकूम. रेकॉर्डिंगच्या मिक्सरसमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि स्वतःच्याच बोटांना सांगायचं, "गिटार काढा. टाळ्या काढा. आता ऑर्गन काढा." एकदा ते असंच "आवाज काढा" म्हणाले, तर माइकसमोरची गायिका बिचारी आणखी मोठ्याने गायला लागली.

मामांचं काम डबचं. डब म्हटलं की लोकांना परभाषेतला सिनेमा आठवतो, म्हणून सांगून टाकते. गाणं वाजवून, रेकॉर्ड करून पुरं झालेलं असतं. डबवाला ते हातात घेतो आणि त्यातून एकेक गोष्ट काढत जातो. शेवटी बास आणि ड्रम तेवढे उरतात, आणि मध्येच एखादा सुटा सूर इकोत टाकून दिलेला असतो, तो लांब जात जात विरून जातो. बाकीचे लोक घालून घालून संगीत करतात, मामा काढून करायचे. मामी म्हणायची, "घरातला केर काढा म्हटलं की मात्र ह्यांना काही सुचत नाही."

मामांचा स्टुडिओ म्हणजे सोफे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मागची लांबट खोली. भिंतींवर कारखान्यातल्याच फोमचे उरलेले तुकडे चिकटवलेले, पिवळे, निळे, जसे मिळाले तसे. पलीकडे स्टेपलगन दिवसभर ठकठक करायची, म्हणून आमचं रेकॉर्डिंग कारागीर दुपारी जेवायला गेले की व्हायचं. त्या एका तासात कुणाची खुर्ची करकरली तरी मामा सगळं थांबवायचे. दोन खोल्यांपलीकडचा फ्रिज सुरू झालेला त्यांना कळायचा. त्यांच्या कानाला सगळे भ्यायचे, आणि मीही, कारण मी बास वाजवते आणि माझं करंगळीचं बोट आळशी आहे. एरवी मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते.

अल्बमची कल्पना मास्तरांची. मास्तर शाळेत संगीत शिकवायचे आणि ट्रंपेट वाजवायचे. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य माणूस, चूक दाखवतानाही आधी माफी मागणारा. त्यांची जॅझची मंडळी, आमची फंकची टोळी आणि मामांचा डब, असा तिघांनी मिळून एकच अल्बम करायचा असं ठरलं. ठरलं हे म्हणायला. जॅझवाल्यांना ठरवलेलं वाजवणं जमत नाही, आम्हा फंकवाल्यांना ठरलेलं केसभर हललेलं खपत नाही, आणि मामा सगळं ठरून वाजवून झाल्यावर पुसायला बसतात. आमचा ड्रमर टायरच्या दुकानात कामाला, त्यामुळे त्याचं नाव टायर. तो पहिल्या महिन्यातच म्हणाला, "हे म्हणजे तीन ड्रायव्हर आणि एक गाडी." तरी पाच महिन्यांत सात तुकडे झाले, आणि खोटं कशाला बोलू, ते सुंदर झाले.

आठवा आणि शेवटचा तुकडा मास्तरांना वेगळा हवा होता. सगळ्यांनी एकाच खोलीत बसून एका दमात वाजवायचा, आणि मामांनी आमच्याबरोबर, त्याच क्षणी, मिक्सरवर डब करायचा. मागाहून नाही. "तुम्हीही वादकच आहात, मामा," मास्तर म्हणाले. "मग आमच्यासोबत वाजवा." स्पीकर लावला तर त्याचा आवाज माइकमध्ये शिरला असता, म्हणून सगळ्यांनी हेडफोन लावायचे. मामांनीसुद्धा.

मामा म्हणाले, "बघू."

तिथेच मला खटकायला हवं होतं. आमचे मामा 'बघू' कधी म्हणत नाहीत. ते 'ऐकू' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुकान सुटल्यावर मी स्टुडिओत गेले. मामा हेडफोन लावून सातव्या तुकड्यावर काम करत होते. आता मला दिसलं की त्यांचे डोळे उघडे आहेत. नुसते उघडे नाहीत, मिक्सरवरच्या मीटरच्या काट्यांना चिकटलेले. उजवा काटा वर गेला की बोट खाली, काटा पडला की बोट वर. किती दिवस हे असं चाललं होतं, देव जाणे. ते पाणी प्यायला उठले तेव्हा माझा बास कसा बसलाय ते ऐकावं म्हणून मी त्यांचा हेडफोन लावला.

उजवी बाजू बंद होती. मी वायर हलवली. काही नाही. उलटून पाहिलं तर वायर आतून तुटून लोंबत होती आणि तुटल्या जागी धूळ बसली होती.

"मामा, ह्याची उजवी बाजू गेलीय. कधीपासून?"

मामा दारात पेला घेऊन उभे होते. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला, दार लावलं, आणि मग कडीही घातली. मला एकदम भीती वाटली. मामांची नव्हे, ते आता जे बोलणार होते त्याची.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "उजवा कान गेलाय माझा. दोन वर्षं झाली."

इकोच्या यंत्राला एक वाईट खोड असते. त्यातून निघालेला आवाज परत त्याच्याच तोंडात घातला की तो वाढत जातो. डबची सगळी गंमत त्यात आहे, आणि धोकाही. बटण थोडं जास्त फिरलं की इको स्वतःलाच खाऊन फुगतो, बारीक होतो, वर चढतो, आणि शेवटी कानात सुई घातल्यासारखी किंकाळी होते. दोन वर्षांपूर्वी मामा एकटेच काम करत असताना तो त्यांच्या उजव्या कानात फुटला होता. डॉक्टर म्हणाले, हा गेला, आता डावा जपा. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामी म्हणायची, "हल्ली माझं ऐकतच नाहीत," आणि आम्ही हसायचो, कारण तिचं ऐकणारा मनुष्य आम्ही आधीही पाहिला नव्हता.

"इतके दिवस कसं चाललं?"

"स्पीकरवर डाव्या कानाने दोन्हीकडचं ऐकू येतं. बाकीचं मीटर सांगतो." आणि मग ओशाळं हसून, "कानाडोळा म्हणतात ना, तो हा."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मग मास्तरांना नाही म्हणा ना."

"काय सांगून? बहिरा झालो म्हणून? उद्या कोण येईल माझ्याकडे? मला दुसरं काय येतं?"

"मग ट्रंपेटचा इको तरी उजवीकडून डावीकडे घ्या. तुम्हाला ऐकू येईल."

"आणि डावा फुटला तर?" ते म्हणाले.

लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा स्पीकरवर हात ठेवला होता, आणि बास पोटात कसा वाजतो ते त्यांनीच मला दाखवलं होतं. तो माणूस माझ्यापुढे बसून म्हणत होता, "एवढा एक तुकडा होऊ दे गं. मग मीच सांगेन सगळ्यांना." मी हो म्हटलं. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मी हो म्हटलं.

आम्ही एक खूण ठरवली. मी मामांच्या समोर उभं राहून वाजवायचं. उजव्या बाजूचा इको वाढायला लागला की मी मान उजवीकडे झुकवायची. मामांनी ते पाहून बटण मागे घ्यायचं. मामांनी हेडफोनची वायर जोडून घेतली, त्यांना तिचा उपयोग नसला तरी. तीन वेळा आम्ही दोघांनीच तालीम केली आणि तिन्ही वेळा नीट झालं. तरी त्या आठवड्यात दुकानात माझं लक्ष लागेना. एका आजोबांना मी डोळ्यांच्या तक्त्यासमोर बसवून विचारलं, "ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "बाई, मी चष्म्यासाठी आलोय."

माझी भीती साधी होती. मामांचा कान गेलेलाच होता. आता प्रश्न मास्तरांच्या कानांचा होता. आम्हा सगळ्यांच्या हेडफोनमध्ये तेच जाणार होतं जे मामा पाठवणार होते, आणि मास्तरांचा हेडफोन सगळ्यांत मोठ्याने लागायचा, कारण ट्रंपेटच्या आवाजापुढे त्यांना बाकीचं ऐकू यायचं नाही. ज्या माणसाच्या हातात बटण होतं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि हे खोलीत एकट्या मला माहीत होतं. माझी मान वेळेवर झुकली नाही तर? मला शिंक आली तर? मी अशा सतरा शंका काढल्या. जे झालं ते त्यात नव्हतं.

त्या दिवशी पलीकडची स्टेपलगन थांबली आणि आम्ही हेडफोन लावले. मास्तर नेहमीसारखे सगळ्यांना "त्रास देतोय, माफ करा" म्हणून जागेवर उभे राहिले. टायरने काठ्या टकटकवल्या आणि आम्ही सुरू केलं.

पहिली तीन मिनिटं मी संगीत असं ऐकलंच नाही. मी मामांची बोटं पाहत होते. दोनदा मान झुकवली, दोनदा मामांनी पाहिलं आणि बटण मागे घेतलं. टायर आणि मी एकमेकांत असे बसलो होतो की माझी करंगळीसुद्धा शहाण्यासारखी वागत होती. मामांनी ऑर्गन काढला. गिटार काढली. खोली मोकळी झाल्यासारखी वाटली, आणि त्या मोकळ्या जागेत मास्तरांनी एक लांब सूर लावला, इतका हळू की तो सुरू कधी झाला ते कळलं नाही. मामांनी तो उचलून इकोत टाकला.

आणि मामांनी डोळे मिटले.

पूर्वीसारखे. मान थोडी मागे, ओठांवर हसू. कितीतरी महिन्यांनी ते मीटर सोडून ऐकत होते. त्यांच्या डाव्या कानात बास होता, ड्रम होते, मास्तरांचा कोरा, बिनइकोचा सूर होता, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. उजवीकडे इको वाढायला लागला होता, आणि त्याचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं.

मी मान झुकवली. आणखी झुकवली. वेड्यासारखी मान हलवली. मामा डोळे उघडेनात. इको बारीक होऊन वर चढायला लागला. मी टायरकडे पाहिलं. तो मजेत होता, त्याला वाटलं मामांनी मुद्दाम चढवलाय, आता खाली आणतील. मास्तरांनीही डोळे मिटलेले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, पण सभ्य माणूस, दुसऱ्याच्या वाजवण्यात मध्ये पडेल कसा? सगळ्यांचा भरवसा एकच, मामा आहेत ना. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, हे मामांनीच मला सातव्या वर्षी शिकवलेलं. कानात ती सुई शिरायला लागली तरी माझी दातखीळ बसलेलीच. किती वेळ? आता मोजलंय मी. अकरा सेकंद.

मग मी बास सोडला आणि मास्तरांच्या माइककडे धावत जाऊन ओरडले, "काढा!"

तेवढं मामांना डाव्या कानात ऐकू आलं. डोळे उघडायच्या आधीच त्यांचे दोन्ही हात मिक्सरवरून खाली आले आणि सगळं बंद झालं. हेडफोनमध्ये काही नाही. फक्त माझा शब्द इकोत अडकला होता, तो जात राहिला, काढा, ढा, ढा, ढा. टायर वाजवायचा थांबला नव्हता. तो थांबतच नाही, ते त्याचं मोठेपण. मामांनी नुसतेच ड्रम वर आणले आणि माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते न कळून मी जागेवर येऊन पुन्हा बास धरला. पुढचं दीड मिनिट आम्ही तिघांनीच वाजवलं, आणि मामांचे डोळे सबंध वेळ टक्क उघडे होते.

मास्तर खुर्चीवर बसले होते. हेडफोन मांडीत, तळहात उजव्या कानावर.

"शिट्टी वाजतेय," ते म्हणाले. "बंद होत नाहीये."

मामा उठले. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "दोन वर्षं झाली. हिला माहीत होतं. मीच हिला गप्प बसवलं."

"मीही गप्प बसले," मी म्हणाले.

पलीकडे कारागीर जेवून आले आणि स्टेपलगन सुरू झाली.

मास्तरांना कानाच्या डॉक्टरांकडे मामाच घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर मी आणि मामा बसलो होतो. आत मास्तरांना काचेच्या पेटीत बसवून एकेक आवाज ऐकवत होते, आणि ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा होता. दाराच्या फटीतून त्यांचा हात दिसत होता. मामा त्या हाताकडे असे पाहत होते की मला त्यांच्याकडे पाहवेना. हात वर गेला की त्यांचा श्वास सुटायचा. मध्ये एकदा हात बराच वेळ वर गेला नाही, तेव्हा मामांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर त्यावर वळ उठला.

शिट्टी चार दिवस वाजली. पाचव्या दिवशी कमी झाली, नवव्या दिवशी गेली. मास्तरांचा कान वाचला. नऊ दिवस मामा रोज त्यांच्या दाराशी जाऊन विचारून यायचे, आणि मास्तर दारातूनच सांगायचे, आत या म्हणायचे नाहीत. सभ्य माणसाचा राग फार वाईट. माझ्याशी ते पुढे दोन महिने बोलले नाहीत. जेव्हा बोलले, तेव्हा एवढंच म्हणाले, "मला नुसतं सांगितलं असतंत तर मी हेडफोन काढून वाजवलं असतं. मला तशीही त्याची सवय आहे."

तो तुकडा पुसून टाकायचा असंच सगळे धरून चालले होते. मामांनी तर टेप काढून ठेवलीही होती. मास्तरांनी ती ऐकली, हळू आवाजात, दोनदा, आणि म्हणाले, "ठेवा." ती किंकाळी तेवढी दबवली, बाकी काही हलवलं नाही. ते काम मामांनी केलं नाही. ते पुन्हा मिक्सरवर बसले नाहीत.

अल्बम निघाला. लोकांना शेवटचा तुकडा सगळ्यांत आवडला. चौथ्या मिनिटाला बास नाहीसा होतो ती मामांची कमाल आहे असं सगळे समजतात, आणि मग जी बाई ओरडते ती म्हणे फारच झकास. कार्यक्रमांत लोक माझ्याबरोबर हात वर करून ओरडतात, "काढा!" मी हसते. दर वेळी मनात अकरापर्यंत मोजते.

आता मामा कारखान्यात फोम कापून देतात, आणि मामी त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलते. रेकॉर्ड घरी आली त्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात मूळ टेप होती, न दबवलेली. म्हणाले, "वायरी उलट कर. उजवीकडचं डावीकडे येऊ दे. आवाज अगदी लहान ठेव."

मी तसं केलं. त्यांनी हेडफोन लावला आणि डोळे उघडेच ठेवले. चौथं मिनिट आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. अकरा सेकंद ते हलले नाहीत. इतक्या लहान आवाजातही त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"एवढं मोठं होतं?"

"हो, मामा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. लहानपणी पडून आले की पाहायचे तसं.

"अगं, मग आधीच का नाही ओरडलीस?"

मी वाकून वायरी होत्या तशा परत लावल्या.